देवघेवीच्या टेबलामागची माणसं वाचकांना दिसावीत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : 'तालुक्याच्या ब वर्ग (ही शासनाने दिलेली श्रेणी) वाचनालयात मी नव्याने ग्रंथपाल झाले आहे. आम्ही तिघं आहोत, मी, लिपिक आणि शिपाई. कर्मचाऱ्यांचे छंद, त्यांचं वाचन, गावातला त्यांचा वावर हे सगळं वाचकांपर्यंत पोचावं असं मला वाटतं. कार्यकारिणीतले एक ज्येष्ठ म्हणतात, लोक पुस्तकं न्यायला येतात, तुमच्या आवडीनिवडी ऐकायला नाही. लिपिकबाई लाजतात, शिपाईमामा म्हणतात मी वाचतच नाही. सुरुवात कुठून करावी आणि कुठे थांबावं?'

सुरुवात शिपाईमामांपासून करा. 'मी वाचत नाही' म्हणणारा माणूस या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे. माझी बहुतेक नोकरी सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका वाचनालयात गेली. आमच्या शिपायांची स्वतःची बाग होती. सकाळची फवारणी आटोपून ते वाचनालय उघडायला यायचे. कादंबरी त्यांनी कधी हातात धरली नाही. पण एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची फळछाटणी, शेतकरी वाचक टेबलाशी येऊन माझ्याशी नव्हे, त्यांच्याशी बोलायचे. डावणी आली का, भुरीला काय मारलं (हे दोन्ही वेलीवरचे रोग), पाऊस लांबला तर काय करायचं. विषयाप्रमाणे पुस्तकांना क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणात द्राक्षाचा क्रमांक ६३४.८ आहे एवढं मला माहीत होतं. त्या क्रमांकावरचं कुठलं पुस्तक आजही कामाचं आहे आणि कुठलं नाही, हे त्यांना माहीत होतं.

एकदा त्यांनी त्या कप्प्यातली काही जुनी पुस्तकं बाजूला काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांत एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारायची शिफारस होती. त्या औषधावर आपल्या देशात २०११ साली बंदी आली, पुस्तकं मात्र कपाटात तशीच होती. ग्रंथपाल म्हणून मी दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी वही, अद्ययावत ठेवत होते, पण हे नोंदवहीतून कळण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून शेतीच्या कप्प्याशी एक पुठ्ठा लागला. वर शिपायांचं नाव, खाली 'स्वतःची द्राक्षबाग आहे, या कपाटातलं विचारायचं असेल तर दुपारी ४ नंतर भेटा.' एवढंच. कर्मचाऱ्याची आवड वाचकांसमोर आणणं म्हणजे माझ्या लेखी हे. ओळखपरेड नव्हे, छंदांचं प्रदर्शन तर नाहीच.

आता कार्यकारिणीतल्या ज्येष्ठांचं म्हणणं. लोक पुस्तकं न्यायला येतात हे खरंच आहे. पण विचारतात कुणाला? तालिकेचे, म्हणजे पुस्तकांच्या सूचीचे, खण उघडून बघणारा वाचक मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिला. संगणक आला, त्यावर ई-ग्रंथालय ही ग्रंथालयाच्या कामाची प्रणाली बसली, तरी सभासद पडद्याकडे बघत नाही, पलीकडच्या माणसाकडे बघतो आणि म्हणतो, 'काहीतरी चांगलं द्या.' या 'चांगलं'चा अर्थ त्याच्या मनात काय आहे हे ओळखायला समोरच्या माणसाची थोडी ओळख लागते, आणि ओळख एकतर्फी होत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयांसाठी पाच सूत्रं मांडली. त्यांतलं 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' हे सूत्र आपण १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, तसबिरीला हार घालताना म्हणतो आणि १३ ऑगस्टला विसरतो. ग्रंथ आपल्या पायांनी वाचकाकडे जात नाही. मध्ये कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी पगारी असेल तर त्याच्या अंगी असलेलं ज्ञान संस्थेने का वापरू नये?

शिवाय महाराष्ट्रात हे सोपं आहे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने आपली बहुसंख्य ग्रंथालयं सरकारी खाती केली नाहीत. गावातल्या नोंदणीकृत संस्थाच ती चालवतात, शासन मान्यता आणि अनुदान देतं. त्यामुळे नोकरीला लागलेला माणूस बहुधा त्याच गावचा असतो. बदलीवर आलेला, सहा महिन्यांत जाणारा नसतो. त्याची भजनी मंडळातली जागा, गणपतीतली धावपळ, तालमीतली ऊठबस लोकांना आधीच माहीत असते. फक्त टेबलामागे बसला की तो ते सगळं दाराबाहेर ठेवून येतो, आणि आपणही 'वाचनालयात गंभीर राहावं' म्हणून त्याला तसंच बसवतो.

पद्धतीचं सांगते. 'तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?' हा प्रश्न कर्मचाऱ्यांना विचारू नका. तो परीक्षेचा प्रश्न आहे. माणूस गांगरतो आणि सर्वांनी ऐकलेल्या चार-पाच नावांपैकी एक सांगून सुटतो. ती पुस्तकं तुमच्याकडे असतातही, पण नेहमी बाहेर गेलेली. त्यांची शिफारस करून वाचकाला 'सध्या नाही' म्हणून परत पाठवण्यात काय हशील? त्याऐवजी 'सध्या संध्याकाळी काय करता?' असं विचारा. उत्तरं आपोआप येतात. गच्चीवर भाज्या लावल्यात. मुलीला तबल्याच्या शिकवणीला नेतो. सासऱ्यांची शुगर वाढली म्हणून वेगळा स्वयंपाक चाललाय. पोलीस भरतीच्या पोरांबरोबर पहाटे मैदानावर जातो. यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या कपाटाकडे जातं. ते कपाट शोधणं हे तुमचं काम, त्यांचं नाही.

पुस्तक निवडताना आम्ही एक अट ठेवली होती. ज्या पुस्तकाच्या तारीखपट्टीवर (परतीच्या तारखेचा शिक्का मारायची आतली चिठ्ठी) दोन वर्षांत शिक्का पडलेला नाही, तेच घ्यायचं. संगणकावर देवघेव असेल तर ही यादी निघते. नसेल तर एका दुपारी कपाटासमोर उभं राहून पट्ट्या चाळा, धूळही झटकली जाते. या अटीमुळे दोन गोष्टी होतात. शिफारस केलेलं पुस्तक जागेवर सापडतं. आणि कर्मचारीही त्या पुस्तकाकडे पहिल्यांदाच नीट बघतो, त्यामुळे सांगण्यात तोच-तोच पाठ केलेला कौतुकाचा सूर येत नाही.

मांडायचं कुठे, तर तुमच्या दाराशी फळा असेलच. बहुतेक वाचनालयांत असतो आणि त्यावर सुविचार लिहिलेला असतो. तो सुविचार कुणी वाचत नाही, लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तो पुसा. तिथे 'आज देवघेवीवर' असं लिहून खाली नाव, एक ओळ त्या माणसाची, एक ओळ पुस्तकाची आणि दाखल क्रमांक. मजकूर ज्याचा त्यानेच लिहायचा, अक्षर कसंही असो. शुद्धलेखन हळूच सुधारा, वाक्य सुधारू नका. आमच्याकडच्या एका पाटीवर होतं, 'या पुस्तकातली पहिली वीस पानं सोडा, मग मजा आहे.' मला ते वाचून थोडं कसंसं झालं होतं, पण पुस्तक त्याच दिवशी गेलं.

लाजणाऱ्या लिपिकबाईंना फळ्यावर आणूच नका. प्रत्येकाने बोललंच पाहिजे असं नाही. काहींचं ज्ञान लेखी राहूनही पोचतं. आमच्याकडचे लिपिक हौशी रंगभूमीवरचे. सांगली ही नाट्यपंढरी, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते इथेच, त्यामुळे प्रत्येक तालुक्यात दोन-तीन मंडळं असतातच. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की मंडळांची मुलं नाटकांच्या कपाटापुढे येऊन उभी राहायची. त्यांना हवं असतं ते तालिकेत कुठेच नसतं : स्त्रीपात्रं किती, पुरुषपात्रं किती, एकाच नेपथ्यात होतं की प्रवेशागणिक घर बदलतं, बोली कुठली. बारा मुलगे आणि दोन मुली असलेल्या कॉलेजच्या मंडळाला पाच स्त्रीपात्रांचं नाटक देऊन उपयोग काय? लिपिकांनी फावल्या वेळात एकेक संहिता वाचून आतल्या पानावर पेन्सिलीने तेवढी माहिती लिहायला घेतली. शेवटी 'प्रयोगाआधी लेखकाची परवानगी घ्यावी' हेही. ते कुणाशी दोन वाक्यं धड बोलत नसत. पण शेजारच्या तालुक्यातली मंडळं सभासद होऊ लागली ती त्या पेन्सिलीच्या नोंदींमुळे. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, आम्ही दुसरं काही न करता ते कपाट बाहेर दालनात आणायचो.

हे दिवस असे बघून ठेवा. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तुमच्यापैकी कुणी पहाटे तळ्यावर जात असेल तर त्या आठवड्यात बालविभागातल्या मुलांना त्याच्याबरोबर पाठवा आणि येताना ५९८ क्रमांकाच्या, म्हणजे पक्ष्यांच्या, कप्प्यापाशी थांबवा. श्रावणात ज्यांच्या घरी पोथी लागते, त्यांच्यातला मोठ्याने वाचणारा शोधा. पोथी वाचणाऱ्याला कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, दमसास कसा राखायचा हे सवयीने येतं. आमच्या बालविभागात गोष्ट वाचून दाखवायला शिक्षकांपेक्षा अशा एका बाई जास्त रंगायच्या. त्या बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीधर, नव्हत्या, पण मुलं त्यांच्या वेळेची वाट बघायची. दिवाळी अंकांचं तर काही सांगायलाच नको. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकापासून ही परंपरा सुरू झाली आणि आजही कित्येक वाचनालयांचं नोव्हेंबर-डिसेंबरचं सगळं चैतन्य त्यावर चालतं. अंक आले की तिघांनी वाटून घ्या. ज्याला ज्या विषयात गोडी, त्याने त्या विषयाचे लेख कुठल्या अंकात आहेत याची यादी करून खणाजवळ लावायची. अंकांची नावं सारखी वाटतात, कथा-कविता-राशिभविष्य सगळ्यांत असतं. हळदीच्या बाजारावरचा एक चांगला लेख कुठल्या अंकात दडलाय हे कुणीतरी सांगितलं तरच कळतं.

कर्मचाऱ्यांच्या वाचनाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की हे दिवसभर पुस्तकं वाचत बसतात. आपल्याला माहीत आहे, दिवसभर शिक्के, बांधणी, वर्गणीच्या पावत्या आणि अभ्यासिकेतल्या मुलांची पंख्यावरून होणारी भांडणं यांतच जातो. तेव्हा 'वाचलंय का?' असं कुणी विचारलं तर नसेल तर नाही म्हणायचं, हे तिघांनी आपसांत ठरवून टाका. 'मी वाचलेलं नाही, पण जे नेतात ते येऊन दुसरा भाग मागतात' हे उत्तर खरं आहे आणि वाचकाला पुरेसंही आहे. मलपृष्ठ वाचून ठोकून दिलेली शिफारस एकदा पकडली गेली की पुढच्या दहा शिफारशी वाया जातात. न आवडलेल्या पुस्तकाबद्दलही बोलू द्या, फक्त का नाही आवडलं ते सांगून. 'वर्णनं फार आहेत' हे ऐकून ते पुस्तक मुद्दाम नेणारे वाचक मी पाहिलेत.

अभ्यासिकेचं वेगळं. तिथली मुलं स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांपलीकडे बघत नाहीत, आणि त्यांच्याशी कसं बोलावं ते बहुतेक ग्रंथपालांना उमगत नाही. तुमच्या तिघांपैकी कुणी पूर्वी एमपीएससी दिली असेल, भरतीला पळालं असेल, तर त्याचं म्हणणं ही मुलं कान देऊन ऐकतात. आमच्याकडे काही वर्षं एक तरुण निर्गम सहायक, म्हणजे देवघेव सांभाळणारा, होता, राज्यसेवेच्या प्रयत्नांतून बाहेर पडून आलेला. निवड न झाल्यावर माणूस काय करतो, कर्ज कसं फेडतो, घरी काय सांगतो, हे त्याने स्वतःहून मुलांना सांगायला सुरुवात केली. मी कधी सुचवलं नव्हतं, आणि सुचवलंही नसतं. कुणाचं अपयश हा संस्थेचा उपक्रम होऊ शकत नाही. तो आठवड्यातून एकदा चहाच्या वेळी बोलायचा, तो दमला की बंद. वार्षिक अहवालात त्याची ओळ मी लिहिली नाही.

इथूनच थांबण्याचा मुद्दा येतो. पहिली मर्यादा वाचकाच्या बाजूची आहे आणि ती सगळ्यात कडक पाळायची. कर्मचारी स्वतःबद्दल हवं तेवढं बोलू शकतो, वाचकाच्या नोंदींबद्दल एक अक्षर नाही. मोकळेपणा आला की जीभ सैल होते. 'अहो, हेच तुमच्या सूनबाईंनी मागच्या आठवड्यात नेलं होतं' हे वाक्य निरागसपणे तोंडून जातं. पुस्तक पाककृतींचं असेल तर हसून विषय संपेल. पण घटस्फोटाच्या कायद्याचं असेल तर? मूल न होण्यावरचं असेल, दारू सोडवण्यावरचं असेल तर? लहान गावात एवढं एक वाक्य घर पेटवायला पुरतं. तिघांनाही हे स्पष्ट शब्दांत सांगा, आणि देवघेवीची वही टेबलावर उघडी पडू देऊ नका. मोकळेपणा वाढवायच्या आधी हे.

दुसरी मर्यादा धंद्याची. आपल्या क्षेत्रातले पगार किती आहेत हे नव्याने सांगायला नको. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरीही एका माणसाचं घर चालावं असं मानधन बहुतेक ठिकाणी नाही. साहजिकच कुणी विम्याची एजन्सी घेतं, कुणी पापड-लोणची करतं, कुणी भिशी चालवतं. यात काही गैर नाही. पण ते देवघेवीच्या टेबलावर आलं की पंचाईत होते. वाचकाला नाही म्हणता येत नाही, मग तो यायचाच बंद होतो. पापड करणाऱ्या बाईंनी वाळवणाच्या पुस्तकावर जरूर बोलावं, ऑर्डर वाचनालयाबाहेर घ्यावी.

पक्ष, निवडणूक आणि देवस्थानाचे वाद हे तर बाहेरच. तालुक्याच्या वाचनालयाची कार्यकारिणी बरेचदा गावातल्या सगळ्या गटांना सांभाळून बनवलेली असते, तिला अकारण धक्का कशाला? कुणी वारीला जातो, कुणी बुद्धवंदनेला, कुणी उर्साच्या तयारीत असतो, ते त्याने सांगितलं तर छानच. दुसऱ्याने तसं का वागावं हे सांगायला लागला की थांबवायचं. फळ्यावर किंवा पुठ्ठ्यावर फोन नंबर कुणाचाच नको, बाई कर्मचाऱ्यांचा तर मुळीच नको. फोटोही लागत नाही, सगळं गाव ओळखतं. वाचनालयाचा व्हॉट्सॲप गट असेल तर तो सूचनांपुरता ठेवा. फळ्यावरचं चित्र काढून तिथे टाकलंत तरी चालेल, पण कर्मचाऱ्याला रात्री ११ वाजता पुस्तकांबद्दल उत्तरं द्यायला लागू नयेत.

हे सगळं कामाच्या वेळेतच व्हायला हवं. 'आवड आहे ना, मग घरून करून आणा' हे संस्थांचं लाडकं वाक्य आहे, आणि माझ्या मते त्याच्याइतकं आपल्या क्षेत्राचं नुकसान दुसऱ्या कशाने केलं नाही. लिपिकांच्या त्या पेन्सिलीच्या नोंदींसाठी मी रोज दुपारी गर्दी नसतानाचा अर्धा तास मोकळा दिला होता. पक्षी बघायला मुलांना घेऊन जाणाऱ्याला त्या दिवशी उशिरा यायची सवलत हवी. ते देता येत नसेल, तर उपक्रमच नको.

आता त्या ज्येष्ठांचं काय करायचं? सभेत आधी विषय मांडून परवानगी मागू नका. फळ्यावर काय लिहायचं हा ग्रंथपालाच्या अखत्यारीतला रोजचा प्रश्न आहे, त्याला ठराव लागत नाही. दोन-तीन महिने चालवा. मग ज्या पुस्तकांना दोन वर्षांत शिक्का नव्हता त्यांच्यापैकी कुठली किती वेळा गेली, याची देवघेवीतून नोंद काढा आणि ती मासिक सभेपुढे ठेवा. वार्षिक तपासणीच्या वेळीही ती उपक्रमांच्या फाइलीत उपयोगी पडते. आणि त्या ज्येष्ठांना नुसतं विचारा, त्यांचा स्वतःचा नाद काय आहे. कार्यकारिणीत असलेल्या माणसाला बहुधा काहीतरी असतो : जुनी नाणी, नाट्यगीतं, गडकिल्ले, निदान रमीचे हिशेब तरी. त्यांच्या विषयाचं एक न गेलेलं पुस्तक काढून ठेवा आणि एका मंगळवारी फळ्यावर त्यांचं नाव लिहायची परवानगी मागा. बहुतेक जण देतात. नाही दिली, तरी विरोधाची धार बोथट होते. तोवर शिपाईमामांना विचारून घ्या, त्यांच्या रानात सध्या काय आहे.